नकाराला जागा नसलेली प्रेमकथा

तरुण ख्रिस्ती लेखक-लेखिका, त्यातही अमेरिकेतील इव्हँजेलिकल वळणाच्या घरांत वाढलेले, आपल्या लेखनाविषयी बोलू लागले की तीन प्रश्न हटकून निघतात. आपल्या पात्रांनी डेटिंग करावे की नाही? प्रेमकथेतले ठरीव साचे, म्हणजे सोयीचे लग्न, वैऱ्याचा प्रियकर होणे, खोटेखोटे जमलेले जोडपे वगैरे, ख्रिस्ती लेखकाने वापरावेत की नाही? आणि प्रेमकथेत युद्धकथा, रहस्यकथा, अद्भुतकथा मिसळली तर चालेल का? तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिन्ही वेगळ्या खणांत ठेवलेली असतात. पहिल्याचे उत्तर नीतीच्या खणात, दुसऱ्याचे तंत्राच्या, तिसऱ्याचे बाजाराच्या. आमचे म्हणणे असे की हे तीन प्रश्न नाहीतच. तो एकच प्रश्न आहे, आणि त्याची तीन शकले केल्यामुळे तिन्ही उत्तरे चुकत आली आहेत.

हा विषय मराठी वाचकापुढे का आणावा, अशी शंका काहींच्या मनात येईल. आमच्या साहित्यविभागांतून या लेखनाची वासलात एका शब्दात लावली जाते: ‘प्रचारकी’. हा शब्द उच्चारला की पुस्तक वाचण्याची जबाबदारी संपते. ज्ञानेश्वरी शिकवणाऱ्या आणि दान्तेवर व्याख्याने देणाऱ्या प्राध्यापकांना धर्महेतू असलेल्या कादंबरीचे एवढे वावडे का असावे, हे आम्हांला उलगडलेले नाही. धर्महेतू हा दोष असेल तर निम्मे जागतिक वाङ्मय बाद करावे लागेल. तेव्हा आम्ही येथे दोन आघाड्यांवर भांडणार आहोत. एक, या प्रेमकथा लिहिणाऱ्यांशी. आणि दुसरी, त्या न वाचता नाक मुरडणाऱ्या आमच्याच जातकुळीशी.

१

प्रथम थोडा इतिहास. या वाङ्मयाच्या आधुनिक बाजाराचा आरंभ साधारणपणे जॅनेट ओक या कॅनेडियन लेखिकेच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ (१९७९) या कादंबरीपासून धरतात. सीमाप्रदेशातील प्रवासात विधवा झालेली गर्भवती तरुणी एका विधुराशी केवळ आसऱ्यासाठी लग्न करते, त्याची लहान मुलगी सांभाळते आणि प्रेम मागाहून, हलक्या पावलांनी येते. ही कादंबरी साधी आहे, पण लबाड नाही. तिच्यातील सोयीचे लग्न परिस्थितीतून आलेले आहे आणि त्या परिस्थितीत ते खरे वाटते.

मग १९९७ हे वर्ष उजाडले. त्या एका वर्षात काय काय घडले ते पाहण्यासारखे आहे. जोशुआ हॅरिस नावाच्या विशीतल्या तरुणाचे ‘आय किस्ड डेटिंग गुडबाय’ हे पुस्तक मल्टनोमा या प्रकाशनसंस्थेने काढले. डेटिंग म्हणजे घटस्फोटाची रंगीत तालीम. ख्रिस्ती तरुणांनी ते सोडावे आणि लग्नाचा निश्चय झाल्यावरच, वडीलधाऱ्यांच्या नजरेखाली, परस्परांशी परिचय वाढवावा, असा त्याचा आशय. पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्याच वर्षी, त्याच प्रकाशनसंस्थेने फ्रान्सिन रिव्हर्स यांच्या ‘रिडीमिंग लव्ह’ या १९९१ च्या कादंबरीची ख्रिस्ती वाचकांसाठी संस्कारित आवृत्ती काढली. त्याच वर्षी हार्लेक्विनने ‘लव्ह इन्स्पायर्ड’ ही ख्रिस्ती प्रेमकथांची माला सुरू केली आणि त्याच वर्षी बेव्हर्ली लुईस यांची ‘द शनिंग’ येऊन आमिश समाजातील प्रेमकथांची लाट उठली. म्हणजे एका हाताने प्रेमाच्या प्रयोगाला बंदी घातली जात होती आणि दुसऱ्या हाताने प्रेमकथा विकली जात होती. हा दांभिकपणा होता असे आम्ही म्हणत नाही. हे दोन्ही हात एकाच शरीराचे होते, इतकेच आमचे म्हणणे आहे.

हॅरिस यांनी २०१८ मध्ये आपल्या पुस्तकाबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि त्याचे प्रकाशन थांबवण्याचे जाहीर केले. २०१९ मध्ये आपण आता ख्रिस्ती उरलो नसल्याचेही त्यांनी सांगितले. त्या पुस्तकामुळे तरुणांच्या मनावर काय परिणाम झाला यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्याचा कादंबरीवर काय परिणाम झाला याविषयी फारसे कोणी बोलत नाही, आणि आमचा विषय तोच आहे.

कथानकाच्या दृष्टीने डेटिंग म्हणजे काय? दोन माणसे भेटतात, बोलतात, एकमेकांना पारखतात आणि या काळात दोघांपैकी कोणीही केव्हाही उठून जाऊ शकते. या उठून जाण्याच्या शक्यतेवरच प्रेमकथेचा मधला भाग उभा असतो. नायिका नाही म्हणू शकते, म्हणून तिच्या हो म्हणण्याला किंमत येते. ज्या नीतिविचाराने हा मधला काळच धोक्याचा ठरवला, त्याने लेखकाच्या हातून कादंबरीचा मधला भाग काढून घेतला. निश्चय आधी, परिचय नंतर, असा क्रम ठरल्यावर लेखकाने दोनशे पाने भरायची कशाने?

ती भरली साच्यांनी. हिमवादळात अडकलेले दोघे. मृत्युपत्रातल्या अटीमुळे करावे लागलेले लग्न. अनाथ मुलांसाठी केलेला करार. टपालाने मागवलेली वधू. हे सगळे साचे पाहिले तर त्यांच्यात एक गोष्ट समान आढळते: प्रत्येक साचा दोन माणसांना अशा जागी आणून ठेवतो की त्यांना उठून जाता येत नाही. निवडीने जवळ येण्याला बंदी असेल तर सक्तीने जवळ आणावे लागते. या प्रेमकथा एकोणिसाव्या शतकातील सीमाप्रदेशात किंवा आमिश खेड्यात घडतात याचे कारण केवळ गतकाळाची ओढ हे नव्हे. तिथे सक्ती स्वाभाविक वाटते, हेही एक कारण आहे. तरुण लेखक-लेखिका साच्यांकडे ‘लोकप्रिय तंत्र’ म्हणून पाहतात आणि डेटिंगकडे ‘नीतीचा प्रश्न’ म्हणून. पण पहिल्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरातूनच दुसऱ्याचे उत्तर जन्मले आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

२

‘रिडीमिंग लव्ह’ ही या परंपरेतली सर्वांत वाचली गेलेली कादंबऱ्यांपैकी एक. २०२२ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. कथा होशेय संदेष्ट्याच्या ग्रंथावर बेतलेली. काळ १८५० च्या आसपासचा, स्थळ कॅलिफोर्नियातील सोन्याच्या खाणींचा मुलूख. मायकेल होशेय नावाच्या शेतकऱ्याला देव सांगतो की वेश्यागृहातील एंजल हीच तुझी बायको. ती नकार देते, पुन्हा नकार देते. अखेर एका अमानुष मारहाणीनंतर ती अर्धवट शुद्धीत असताना तिच्या तोंडून कसाबसा होकार निघतो आणि तेवढ्यावर लग्न उरकले जाते.

येथे थांबून विचारले पाहिजे: या लग्नाला संमती म्हणावे काय? लेखिकेचे समर्थक म्हणतात, ही रूपककथा आहे. मायकेल म्हणजे देवाचे न थकणारे प्रेम आणि एंजल म्हणजे पळून जाणारा मानवी आत्मा. उत्तम. पण रूपक आणि कादंबरी एकत्र केल्या की एक अडचण उभी राहते, आणि ती टाळता येत नाही. रूपकात देवाला सगळे ठाऊक असते म्हणून त्याचा आग्रह हा आग्रह राहत नाही. कादंबरीत मायकेल हा शेतकरी आहे, त्याला सगळे ठाऊक नाही. देवाने सांगितले, हे वाक्य देवाच्या तोंडी एक अर्थ देते आणि लग्न करू पाहणाऱ्या पुरुषाच्या तोंडी दुसरा. ज्या मुलींना मंडळीतल्या एखाद्या तरुणाने येऊन ‘देवाने मला तुझे नाव दिले आहे’ असे सांगितले असेल, त्यांना हा फरक समजावून द्यावा लागत नाही.

मूळ होशेयाच्या ग्रंथाबद्दलही एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. त्या चौदा अध्यायांत गोमर एक शब्दही बोलत नाही. रिव्हर्स यांनी तिला आवाज दिला, भूतकाळ दिला, तिच्या नकाराला कारणे दिली. हे काम धीटपणाचे होते, आणि आमच्या ज्या सहकाऱ्यांनी ही कादंबरी न वाचता तिची थट्टा केली त्यांना हे ठाऊक नाही. इतकेच नव्हे, तर एंजलला श्रद्धा सापडते ती मायकेलच्या घरात नाही. ती त्याला सोडून जाते, तीन वर्षे दूर राहते, वेश्याव्यवसायातून बाहेर पडू पाहणाऱ्या मुलींसाठी काम करते आणि मग आपल्या पायांनी परत येते. कादंबरीचा हा शेवटचा भाग तिच्या पहिल्या भागाचा पराभव करतो. लेखिकेच्या कलेला तिच्या साच्यापेक्षा जास्त कळत होते, असेच म्हणावे लागते. दुर्दैव असे की पुढच्या अनुकरणांनी उचलला तो पहिला भाग: न थकणारा पुरुष. तीन वर्षांची ती रिकामी, पुरुषाविनाची जागा कोणी उचलली नाही.

हीच परिस्थिती दीडशे वर्षांपूर्वी एका पाद्र्याच्या मुलीने लिहून ठेवली होती. शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) सेंट जॉन रिव्हर्स हा तरुण धर्मोपदेशक जेनला मागणी घालतो. त्याला हिंदुस्थानात मिशनरी म्हणून जायचे आहे, त्यासाठी तो तिला हिंदुस्थानी शिकवतो, आणि ती बायको होण्यास नकार देते तेव्हा हा नकार आपल्याला नव्हे, देवाला आहे, असे तिच्या मनावर बिंबवू पाहतो. जेन म्हणते, बहीण म्हणून, सहायक म्हणून मी हिंदुस्थानात येईन, बायको म्हणून नाही. तिचा हा नकार अश्रद्ध स्त्रीचा नाही. ती प्रार्थना करते, देवाला मानते आणि तरीही देवाचे नाव घेऊन आलेल्या पुरुषाला नाही म्हणते. त्याआधी, रॉचेस्टरची पत्नी जिवंत असल्याचे कळल्यावर, तिने त्यालाही नाही म्हटलेले असते. दोन नकारांच्या खांबांवर ही प्रेमकथा उभी आहे, आणि जेन शेवटी परतते ती स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या इच्छेने. ख्रिस्ती प्रेमकथा लिहू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने मायकेल होशेय आणि सेंट जॉन रिव्हर्स यांना शेजारी शेजारी उभे करून पाहावे. दोघेही देखणे, दोघेही निर्मळ चारित्र्याचे, दोघांनाही देवाने सांगितलेले. एकाला कादंबरी नायक म्हणते, दुसऱ्याला ती आदराने पण ठामपणे दारातून परत पाठवते.

३

आता तिसरा प्रश्न: साहित्यप्रकारांचे मिश्रण. गेल्या काही वर्षांत ‘प्रकारांच्या भिंती पाडा’ ही घोषणा इतकी लोकप्रिय झाली आहे की मिश्रण हाच एक गुण मानला जातो. आम्हांला हे मान्य नाही. प्रत्येक साहित्यप्रकार आपली एक खातेवही घेऊन येतो. प्रेमकथेच्या वहीत शेवटची ओळ आधीच लिहिलेली असते: दोघांचे मीलन होईल. युद्धाच्या कथेत अशी हमी नसते. तिथे मेलेली माणसे मेलेलीच राहतात. या दोन वह्या एकत्र बांधल्या की प्रेमकथेची हमी दुसऱ्या वहीतले आकडे खोडू लागते.

दोन उदाहरणे घेऊ. केट ब्रेस्लिन यांची ‘फॉर सच अ टाइम’ ही कादंबरी २०१४ मध्ये बेथनी हाउसने काढली आणि २०१५ मध्ये अमेरिकेतील प्रेमकथालेखकांच्या संघटनेच्या रीटा पुरस्कारासाठी ती दोन विभागांत अंतिम यादीत आली. एस्तेर राणीची कथा येथे टेरेझिनच्या छळछावणीत नेली आहे. अहश्वेरोश राजाच्या जागी छावणीचा एसएस अधिकारी, एस्तेरच्या जागी ज्यू तरुणी. तिचे त्या अधिकाऱ्यावर प्रेम बसते, त्याचे हृदयपरिवर्तन होते आणि तीही ख्रिस्ती ग्रंथाकडे ओढली जाते. टेरेझिनला १,४०,००० हून अधिक ज्यू पाठवले गेले. सुमारे ३३,००० तिथेच मेले आणि सुमारे ८८,००० पुढे मृत्युछावण्यांकडे रवाना झाले. ज्या वहीत हे आकडे आहेत तीत हृदयपरिवर्तनाचा सुखान्त लिहायचा, तर जागा कोठून आणायची? आकडे पुसूनच. शिवाय मूळ ग्रंथात एस्तेर शेवटपर्यंत ज्यूच राहते. तिच्या लोकांचे वाचणे हेच त्या कथेचे प्रयोजन आहे. येथे तिच्या लोकांची कथा घेतली आणि तिच्या लोकांचा धर्मच कथेतून निसटू दिला. यावर अनेक वाचकांनी, विशेषतः ज्यू वाचकांनी, तीव्र हरकत घेतली.

दुसरे उदाहरण कॅरन विटमायर यांच्या ‘अ‍ॅट लव्ह्ज कमांड’ (२०२०) या कादंबरीचे. हिचा नायक अमेरिकेच्या घोडदळातला अधिकारी. २९ डिसेंबर १८९० रोजी वुंडेड नी येथे घोडदळाने लाकोटा लोकांची कत्तल केली. मृतांची संख्या किमान दीडशे, काही अंदाजांनुसार तीनशेच्या घरात, आणि त्यांत कितीतरी स्त्रिया व मुले होती. कादंबरी या प्रसंगाने उघडते. नायकाला पश्चात्ताप होतो, तो सैन्य सोडतो, आणि पुढे प्रेमकथा सुरू होते. २०२१ मध्ये याच संघटनेने तिला धार्मिक आशयाच्या प्रेमकथेचा पुरस्कार दिला आणि निषेध होताच काही दिवसांत परत घेतला. पुरस्कार देणे-घेणे हा आमचा विषय नाही. पण त्या कादंबरीत कत्तल हे नायकाचे पूर्वायुष्य ठरते, त्याच्या डोळ्यांत दुःखाची छटा यावी म्हणून वापरलेले. ज्यांची कत्तल झाली त्यांना या प्रेमकथेत बोलण्यासाठी जागाच नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो आम्ही टाळणार नाही. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभाच हा की कृपेपासून कोणीही वंचित नाही. वधस्तंभावरच्या चोरालाही स्वर्ग मिळतो. मग एसएस अधिकाऱ्याला का नाही? घोडेस्वाराला का नाही? तुम्ही कादंबरीतून क्षमाच हद्दपार करता आहात काय?

आमचे उत्तर असे. क्षमा कोण करतो, हा प्रश्न आहे. देवाने क्षमा करणे ही एक गोष्ट. नायिकेने हजारो मृतांच्या वतीने, प्रेमात पडून, क्षमा करणे ही दुसरी. हा अधिकार तिला कोणी दिला? लेखिकेने. आणि लेखिकेला कोणी दिला? प्रेमकथेच्या शेवटच्या ओळीने. पश्चात्तापाची किंमत म्हणून जिथे नायकाला सुंदर बायको मिळते, तिथे तो पश्चात्ताप राहत नाही, तो मोबदला होतो. हा दोष दाखवायला आम्हांला ख्रिस्ती परंपरेबाहेर जावे लागत नाही. ‘स्वस्त कृपा’ ही कल्पना ज्यांनी मांडली ते डिट्रिख बॉनहोफर जर्मन ल्यूथरन पाळक होते. त्यांचे ते पुस्तक १९३७ चे, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छावणीत नाझींनी त्यांना फासावर दिले. किंमत न मोजता मिळणाऱ्या कृपेचा धोका त्यांनी ज्या राजवटीत ओळखला, त्याच राजवटीतील अधिकाऱ्याला प्रेमकथेने ती कृपा फुकट वाटावी, याहून मोठा उपरोध कोणता?

४

म्हणजे तुम्हांला शोकान्तच हवे असतात, असे कोणी म्हणेल. मुळीच नाही. सुखान्ताशी आमचे भांडण नाही आणि मिश्रणाशीही नाही. याचा उत्तम दाखला या लेखकांच्या उशाशीच आहे. रूथचा ग्रंथ अवघ्या चार अध्यायांचा. त्यात दुष्काळाची कथा आहे, परदेशगमनाची आहे, सासू-सुनेची आहे, सुगीच्या खळ्यावरच्या रात्रीची आहे आणि वेशीत बसलेल्या पंचांपुढच्या कायदेशीर व्यवहाराचीही आहे. शेवट सुखाचा आहे. तरीही ती कथा खोटी वाटत नाही. का?

कारण तिच्यात नकाराला जागा आहे. नामी दोन्ही सुनांना माघारी जायला सांगते. माझ्याकडे तुम्हांला द्यायला आता मुलगे नाहीत, हेही स्पष्ट सांगते. अर्पा परत जाते. कथा तिला शिक्षा करीत नाही, तिच्यावर एक वाईट शब्दही खर्च करीत नाही. रूथ थांबते, आणि देव व लोक बदलण्याचा तिचा निर्णय कोणत्याही पुरुषासाठी नसतो. नवरा मिळण्याची आशा संपल्यावर, एका म्हाताऱ्या विधवेसाठी तो घेतलेला असतो. पुढे बवाजापेक्षा जवळचा आप्त हक्क सोडतो. त्यालाही कथा खलपुरुष करीत नाही. दोन माणसे नाही म्हणतात आणि सन्मानाने कथेबाहेर जातात. म्हणून उरलेल्यांचे हो खरे वाटते.

विसाव्या शतकातला दाखला ग्रॅहम ग्रीन यांच्या ‘द एंड ऑफ द अफेअर’चा (१९५१). ग्रीन स्वतः एकविसाव्या वर्षी, एका कॅथलिक तरुणीशी लग्न ठरत असताना, कॅथलिक झाले. म्हणजे प्रेमापोटी धर्म बदलण्याचा हा प्रश्न त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही. त्यांच्या कादंबरीत व्यभिचाराची कथा आहे, खासगी गुप्तहेर आहे, रोजनिशी आहे आणि शेवटी संतचरित्रात शोभावे असे चमत्कार आहेत. एवढे मिश्रण, आणि तरी निवेदक शेवटच्या पानापर्यंत देवाशी भांडतोच आहे. लेखकाने त्याला गुडघ्यांवर आणले नाही. धर्मांतर हे कथानकाचे बक्षीस नाही, हे ग्रीन यांना कळले होते.

५

आता आमच्या घरातले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते ती ‘यमुनापर्यटन’ (१८५७) एका तरुण ख्रिस्ती लेखकानेच लिहिली, हे आमच्या सिनिकल मंडळींनी विसरू नये. बाबा पदमनजी १८३१ चे. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि कादंबरी आली तेव्हा ते पंचविशीच्या आसपास होते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, म्हणजे शाई वाळायच्या आत. ही कादंबरी प्रवासवर्णन आहे, समाजसुधारणेचा निबंध आहे, विधवांच्या कहाण्यांचा संग्रह आहे, दांपत्यप्रेमाची कथा आहे आणि धर्मांतराचीही. प्रकारांचे मिश्रण चालेल का, हा प्रश्न मराठी कादंबरीपुढे तिच्या जन्माच्या दिवशीच उभा होता.

आमच्याच कसोटीवर ती घासून पाहू. यमुनेचे मन कथेच्या आरंभापासूनच वळलेले आहे. तिच्या श्रद्धेत प्रश्न नाही, म्हणून तिच्या धर्मांतरात नाट्यही नाही. विनायकाच्या मृत्यूनंतर तिचे ख्रिस्ती होणे आणि पुनर्विवाह हे ठरल्या वेळी येणाऱ्या गाडीसारखे येतात. परंतु वाटेत भेटणाऱ्या विधवा मात्र लेखकाच्या निबंधात बसत नाहीत. त्यांचे दुःख, त्यांचा राग, त्यांचे संशय हे त्यांचे आहेत. त्या कोणत्याही निष्कर्षाला बांधलेल्या नाहीत. पदमनजींची कादंबरी जिथे जिवंत आहे तिथे ती या बायकांमुळे जिवंत आहे. ‘प्रचारकी’ हा शिक्का मारून आमची समीक्षा हा फरकच पुसून टाकते. एकाच पुस्तकात प्रचार कुठे संपतो आणि कादंबरी कुठे सुरू होते हे दाखवणे, हे समीक्षेचे काम. आम्ही ते न करता पुस्तकाला केवळ ‘पहिली’ म्हणून हार घालतो आणि कपाटात ठेवतो.

आणि मग लक्ष्मीबाई टिळक. नवऱ्याने १८९५ मध्ये धर्म बदलला. विजातीय जुवात जुंपले जाऊ नये असे पौलाने करिंथकरांस लिहिले. येथे तर एकाच जुवातला एक बैल रात्रीत दुसऱ्या रानात गेला होता. इन्स्पिरेशनल प्रेमकथेच्या कोणत्याही लेखकाच्या हातात हे कथानक दिले असते तर अकराव्या प्रकरणात लक्ष्मीबाई प्रेमाने विरघळून बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरल्या असत्या. ‘स्मृतिचित्रे’त काय होते? वर्षानुवर्षांचा विरह, नातेवाइकांची ओढाताण, आणि पुढे एकत्र राहायला आल्यावरही स्वतःचे सोवळे सांभाळून नवऱ्याशी मांडलेला संसार. धर्मांतर त्यांनी केले ते १९०० मध्ये. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, हे त्यांचे त्यांना पटले तेव्हा. नवऱ्यावर प्रेम होते, पण त्या प्रेमाने त्यांच्या वतीने निर्णय घेतला नाही. आणि हे सारे विनोदात सांगितलेले. प्रेमकथा, धर्मांतरकथा, विनोदी गद्य आणि आत्मचरित्र यांचे याहून चोख मिश्रण आम्हांला मराठीत तरी ठाऊक नाही.

६

हा लेख लिहिण्यास एक प्रसंग कारण झाला, तो सांगून संपवतो. काही काळापूर्वी आमच्या वर्गातील एका ख्रिस्ती विद्यार्थिनीने कादंबरी लिहायला घेतली. नायिका वसईची, ख्रिस्ती, मुलगा हिंदू, दोघांची ओळख रोजच्या लोकलमधली. तिने घरी विषय काढला तेव्हा तिला सांगण्यात आले की शेवटी मुलाचा बाप्तिस्मा होणार असेल तरच लिही. तिने आमच्यापैकी एकांना विचारले तेव्हा सांगण्यात आले की शेवटी मुलाचा बाप्तिस्मा होणार असेल तर लिहू नकोस, प्रचारकी होईल. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी तिला शेवटची ओळ आधीच लिहून दिली होती. त्या मुलाला आणि त्या मुलीला काय वाटते, हे कोणीच विचारले नाही. आमच्यापैकी एकाने ते उत्तर दिले, याची आम्हांला लाज वाटते. म्हणून ‘आम्ही’ म्हणताना त्यांतून स्वतःला वगळण्याची सोय आम्ही ठेवलेली नाही.

तरुण ख्रिस्ती लेखकांना आमचे सांगणे एवढेच. डेटिंग दाखवा किंवा दाखवू नका, सोयीचे लग्न लावा किंवा मोडा, युद्धकथा मिसळा किंवा भुताखेतांची कथा मिसळा. परंतु प्रत्येक प्रकरण लिहून झाल्यावर एक प्रश्न स्वतःला विचारा: या पानावर माझी नायिका उठून जाऊ शकते काय? नायक देवाला नाही म्हणू शकतो काय? ज्यांच्या दुःखावर मी कथा उभी केली त्यांना तिच्यात बोलता येते काय? तिन्हींचे उत्तर होय असेल तर सुखान्त खुशाल करा. तुमच्याच धर्मशास्त्रात माणसाला नाही म्हणण्याची मोकळीक देवाने दिली आहे. लेखकाने देवाहून कडक होण्याचे कारण नाही.

आणि शिक्षकांना सांगणे असे की ‘प्रचारकी’ हा शब्द निदान एक सत्रभर वर्गात उच्चारू नये. त्याऐवजी ‘यमुनापर्यटन’ उघडावे, शेजारी ‘स्मृतिचित्रे’ ठेवावे, जमल्यास ‘रिडीमिंग लव्ह’ही ठेवावे, आणि विद्यार्थ्यांना विचारावे की यांत नाही म्हणण्याची मुभा कोणाकोणाला आहे. त्या विद्यार्थिनीची कादंबरी अजून अपुरी आहे. लोकलमधली ती दोघे अजून बोलत आहेत, आणि कोणत्या स्थानकावर कोण उतरणार हे तिने अद्याप ठरवलेले नाही. तिने ते ठरवण्याची घाई करू नये, आणि आपणही तिला करू लावू नये.